भिंत कोणाची, खिळा कोणाचा? : सॅम गिलियम यांच्या प्रदर्शनांचा इतिहास

अमेरिकेतील काळ्या लेखकांशी आपला परिचय जुना आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले, तेव्हापासून हा धागा धरता येतो. पुढे रिचर्ड राईट, बाल्डविन ही नावे आपल्या चर्चांतून आली, डॉ. म. ना. वानखेडे आणि डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याची ओळख करून दिली, आणि १९७२ मध्ये मुंबईत 'पँथर' हे नाव घेऊन आपली तरुण पिढी रस्त्यावर उतरली. कवी आले, कादंबरीकार आले, पुढारी आले. चित्रकार मात्र फारसे आले नाहीत, आणि अमूर्त चित्रकार तर जवळजवळ नाहीतच. (त्या काळच्या आपल्या लेखनात 'निग्रो' हा शब्द सर्रास आढळतो. मी येथे 'काळा' हाच शब्द वापरतो. तो त्या समाजाने स्वतः उचललेला आणि अभिमानाने मिरवलेला शब्द आहे.)

हे असे का झाले, याचे उत्तर अवघड नाही. आपल्याला साक्ष हवी होती. वेदनेची, अपमानाची, लिंचिंगची साक्ष. शब्द ती देतो, आकृती ती देते. पण ज्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, साखळी नाही, फाशीचा दोर नाही, नुसता रंगच आहे, त्या चित्राने कशाची साक्ष द्यावयाची? हा प्रश्न आपणच विचारला असे नाही. काळ्या चळवळीने तो आपल्याच चित्रकारांना फार कठोरपणे विचारला होता. ज्यांना तो विचारला गेला त्यांपैकी एक सॅम गिलियम. त्यांच्या चित्रांचे सौंदर्यशास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. बहुतेक चित्रे मी छायाचित्रांतूनच पाहिली आहेत, आणि छताला लटकणाऱ्या कापडाचे छायाचित्र म्हणजे नदीचा नकाशा. मला येथे त्यांच्या प्रदर्शनांचा इतिहास पाहावयाचा आहे. कारण चित्र अमूर्त असले तरी ते ज्या भिंतीवर लागते ती भिंत अमूर्त नसते. तिला मालक असतो, राखणदार असतो, आणि कोणाचे चित्र टांगावयाचे हे ठरविणारा कोणी तरी असतो.

गिलियम यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९३३ चा, मिसिसिपी राज्यातील टुपेलो गावचा. आठ भावंडांत ते सातवे. वडिलांनी रेल्वेवर काम केले, सुतारकामही केले. कुटुंब पुढे केंटकीतील लुईव्हिल शहरात आले. तेथे काळ्यांसाठी वेगळी काढलेली सेंट्रल हायस्कूल ही शाळा होती. गिलियम तिचे विद्यार्थी. लुईव्हिल विद्यापीठाने काळ्या विद्यार्थ्यांना पदवीवर्गात प्रवेश देण्यास नुकतीच सुरुवात केली होती, त्या अगदी पहिल्या तुकड्यांपैकी एकीत ते शिकले आणि १९५५ मध्ये पदवीधर झाले. मधली दोन वर्षे सैन्यात, जपानमध्ये. १९६१ मध्ये पदव्युत्तर पदवी. १९६२ मध्ये ते वॉशिंग्टनला आले, ते डोरोथी बटलर यांच्याशी विवाह झाल्यावर. या बाई 'वॉशिंग्टन पोस्ट'मधील पहिल्या काळ्या स्त्री-वार्ताहर. पोट भरण्यासाठी गिलियम एका हायस्कुलात शिकवू लागले. आपल्या शिक्षक वाचकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी : दिवसा वर्ग, रात्री रंग.

१९६३ साली वॉशिंग्टनमधील ॲडम्स मॉर्गन गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले. याच वर्षी ऑगस्टमध्ये अडीच लाख माणसे या शहरात चालून आली आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते भाषण झाले. गिलियम तोवर माणसांच्या आकृती रंगवीत होते. टॉमस डाउनिंग या चित्रकाराने त्यांना अमूर्ताच्या वाटेवर पुढे जाण्याचे बळ दिले. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा मॉरिस लुई, केनेथ नोलंड यांनी सुरू केलेला एक संप्रदाय जोरात होता : कॅनव्हासला अस्तर न देता त्यावर पातळ रंग ओतावयाचा, तो कापडात मुरू द्यावयाचा. हे गोऱ्या चित्रकारांचे घर होते. गिलियम त्यात शिरले, आणि चारपाच वर्षांतच त्या घराची चौकट त्यांनी काढून टाकली. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. १९६८ च्या सुमारास त्यांनी कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणतात ती चौकटच काढली. ओल्या रंगाचे कापड दुमडले, चुरगाळले, वाळविले, आणि मग ते छताला, भिंतीला, कोपऱ्याला टांगले. कापड स्वतःच्या वजनाने लोंबू लागले. चित्र कोठे संपते आणि खोली कोठे सुरू होते, हे सांगता येईना. दर प्रदर्शनात तेच कापड नव्या रीतीने टांगले जाई, म्हणजे एकच चित्र दोनदा तसेच दिसत नसे.

या कल्पनेच्या उगमाविषयी एक कथा सांगितली जाते. खिडकीतून दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसले आणि त्यांवरून गिलियम यांना हे सुचले. ही कथा टीकाकारांना फार आवडते. मला ती खटकते. गोऱ्या चित्रकाराने कॅनव्हास जमिनीवर पसरला तर त्याच्यामागे युंग, अस्तित्ववाद, अणुबाँबनंतरचे युग अशी मोठमोठी कारणे शोधली जातात. काळ्याने कॅनव्हास टांगला तर त्याच्यामागे धुणे शोधले जाते! आपल्याकडे दलित कवीच्या प्रतिमेला 'अनुभवाची' म्हणून शाबासकी देणारे आणि तिच्यातला विचार मात्र न पाहणारे समीक्षक ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना हे अधिक सांगण्याची गरज नाही.

१९६९ मध्ये वॉल्टर हॉप्स यांनी वॉशिंग्टनच्या कॉर्करन गॅलरीत गिलियम, एड मॅकगोविन आणि रॉकने क्रेब्स यांचे एकत्र प्रदर्शन भरविले. त्या संगमरवरी दालनात गिलियम यांची प्रचंड कापडे छतापासून उतरली. त्यांचे नाव झाले ते या प्रदर्शनाने. पण त्याच्या आदल्या वर्षी काय घडले होते? ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये किंग यांचा खून झाला आणि वॉशिंग्टनमधील चौदावा रस्ता, सातवा रस्ता जळाले. सैन्य बोलावले गेले. हे गिलियम राहत होते त्याच शहरात घडले.

आणि येथेच चळवळीचा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. शिकागो, न्यूयॉर्क, सर्वत्र काळ्या कलेची चळवळ उभी राहत होती. कला लोकांच्या उपयोगी पडली पाहिजे, समूहाची असली पाहिजे, क्रांतीला बांधलेली असली पाहिजे, असे रॉन करेंगा लिहीत होते. स्टोकली कारमायकेल यांनी कलावंतांना एकत्र बोलावून, आता तुम्हाला सुंदर चित्रे काढत बसता येणार नाही, अशा अर्थाचे सुनावल्याची आठवण गिलियम यांनी एका मुलाखतीत सांगितली आहे. या मागणीची टिंगल करण्याचे कारण नाही. ज्या लोकांचे चेहरे शतकानुशतके विडंबनापुरतेच चित्रांत आले, त्यांनी आपल्या चित्रकारांकडे आपला खरा चेहरा मागितला. ती मागणी न्याय्य होती. भित्तिचित्रांतून, पोस्टरांतून ती काहींनी समर्थपणे पुरीही केली. माझा आक्षेप एवढाच आहे, की न्याय्य मागणी जेव्हा एकमेव मागणी होते, तेव्हा ती प्रस्थापितांच्या मागणीशी जाऊन मिळते. प्रस्थापित गोऱ्या रसिकालाही काळ्याकडून वेदनाच हवी होती. अवकाश, रंग, प्रकाश, गती हे विषय त्याने स्वतःच्या जातीसाठी राखून ठेवले होते. वतनदारी ही जमिनीचीच असते असे नाही.

गिलियम यांनी किंग यांच्यावर चित्रे केली. त्यांतील १९६९ चे चित्र 'एप्रिल ४' या नावाचे आहे. सुमारे नऊ फूट उंच, पंधरा फूट रुंद. त्यात किंग नाहीत, बंदूक नाही, मोटेलची गच्ची नाही. फिकट जांभळट धूसर कापडावर लाल रंगाचे शिंतोडे आणि ओघळ आहेत. आणि नावात तारीख आहे. आपण ६ डिसेंबर म्हणतो तेव्हा पुढचे काही सांगावे लागते काय?

याच वर्षी, १९६९ मध्ये, हार्लेममधील स्टुडिओ म्युझियमने विल्यम टी. विल्यम्स, मेल्विन एडवर्ड्स, गिलियम आणि स्टीफन केल्सी या गोऱ्या चित्रकाराचे प्रदर्शन भरविले. काळ्या वस्तीच्या मध्यभागी, काळ्यांच्या संग्रहालयात, अमूर्त कला! तेथेही हा वाद रंगला. हे लोक कोणासाठी काम करतात, असा तो प्रश्न होता.

या प्रश्नाचे एक उत्तर १९७१ च्या एप्रिलमध्ये मिळाले. त्याची पार्श्वभूमी अशी. १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने हार्लेमच्या जीवनावर मोठे प्रदर्शन मांडले आणि त्यात हार्लेमच्या चित्रकारांची चित्रेच ठेवली नाहीत. छायाचित्रे, ध्वनी, माहिती एवढेच ठेवले. दारात निदर्शने झाली. बेनी अँड्र्यूज, क्लिफ जोसेफ आदींनी कृती-समिती उभारली. समितीने व्हिटनी म्युझियमशी बोलणी केली. काळ्या कलावंतांचे प्रदर्शन भरवा, पण निवड करताना काळ्या तज्ज्ञांना बरोबर घ्या, अशी मागणी होती. व्हिटनीने प्रदर्शन ठरविले. निवड मात्र रॉबर्ट डोटी या आपल्या गोऱ्या क्युरेटरच्या हाती ठेवली. 'अमेरिकेतील समकालीन काळे कलावंत' असे प्रदर्शनाचे नाव. समितीने बहिष्कार पुकारला. निवडलेल्या सुमारे ७५ कलावंतांपैकी १५ जणांनी आपले काम काढून घेतले. त्यांत गिलियम होते. मेल्विन एडवर्ड्स, विल्यम टी. विल्यम्स, जो ओव्हरस्ट्रीट, रिचर्ड हंट, जॉन डाउवेल हेही होते.

ही नावे पुन्हा वाचावी. यांतले बहुतेक अमूर्त काम करणारे आहेत. ज्यांच्यावर 'लोकांपासून तुटलेले' असा शिक्का मारला जात होता, तेच कृतीच्या वेळी उठून उभे राहिले. व्हिटनीच्या भिंतीचा मोह साधा नसतो. तरुण चित्रकाराच्या जीवनवृत्तात ती एक ओळ आली की दहा दारे उघडतात. या लोकांनी ती ओळ नाकारली. आपल्या चळवळीला नकाराची परंपरा आहे, म्हणून या नकाराचे मोल आपल्याला कळावयास हवे. बांधिलकी चित्राच्या विषयात शोधणाऱ्याला ती येथे सापडणार नाही. चित्र कोठे टांगू द्यावयाचे आणि कोठून उतरवावयाचे, या निर्णयात ती आहे.

दुसरे उत्तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात मिळाले. फिफ्थ वॉर्ड ही तेथील गरीब काळी वस्ती. तेथे 'डीलक्स' नावाचे एक बंद पडलेले सिनेमा थिएटर होते. कलेचे धनिक आश्रयदाते जॉन डी मेनिल यांनी पैसा दिला, पीटर ब्रॅडली या काळ्या चित्रकाराने निवड केली, आणि मिकी लेलंड या तरुण कार्यकर्त्याने, जे पुढे काँग्रेसचे सदस्य झाले, वस्तीतले काम सांभाळले. थिएटर झाडून-पुसून, भिंती रंगवून तेथे अमूर्त चित्रे व शिल्पे मांडली गेली. काळे आणि गोरे कलावंत एकाच दालनात : गिलियम, एड क्लार्क, अल लव्हिंग, आणि त्यांच्याच रांगेत नोलंड, ऑलिट्स्की, लॅरी पून्स. समकालीन कलेच्या क्षेत्रात वर्णाची सरमिसळ केलेले अमेरिकेतील हे अगदी पहिल्या प्रदर्शनांपैकी एक मानले जाते. आपल्याकडील एखाद्या कामगारवस्तीतले बंद थिएटर डोळ्यांसमोर आणा आणि तेथे मुंबईच्या जहांगीरमधील चित्रे नेऊन लावण्याची कल्पना करा. 'आमच्या लोकांना हे कळणार नाही' असे प्रथम म्हणणारे आमच्यातलेच शिकलेले असतील. वस्तीतले लोक आले, मुले आली. कळले काय, हा प्रश्न व्हिटनीच्या प्रेक्षकाला कोणी विचारत नाही. तो फिफ्थ वॉर्डच्याच प्रेक्षकाला का विचारावा?

(जाता जाता आणखी एक नाव. अल्मा थॉमस या वॉशिंग्टनच्याच. ३५ वर्षे शाळेत चित्रकला शिकवून १९६० मध्ये निवृत्त झाल्या आणि मग पूर्ण वेळ अमूर्त चित्रे करू लागल्या. १९७२ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, व्हिटनीत एकल प्रदर्शन झालेल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हावयास हवा.)

१९७१ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये गिलियम यांचे छोटे एकल प्रदर्शन झाले, आणि १९७२ च्या उन्हाळ्यात व्हेनिसच्या द्वैवार्षिकात ते अमेरिकेच्या दालनात लागले. अमेरिकेचे प्रतिनिधित्व तेथे करणारे ते पहिले काळे कलावंत. निवड पुन्हा वॉल्टर हॉप्स यांची. बरोबर डायन आर्बस यांची छायाचित्रे, जिम नट, कीथ सॉनियर इत्यादी. राष्ट्राने आपल्या घरात समान न वागविलेल्या समाजाचा माणूस राष्ट्राच्या नावाने परदेशी भिंतीवर मिरवावा, यातील विसंगती सांगावयास नको. आणि हे दार एकदा उघडले म्हणजे उघडेच राहिले, असेही नाही. त्या दालनात एकट्या काळ्या चित्रकाराचे प्रदर्शन व्हावयास १९९७ साल उजाडावे लागले. ते रॉबर्ट कोलस्कॉट यांचे.

गिलियम यांनी आपल्या 'काळेपणा'ला एकदा थेट हातही घातला होता. सत्तरीच्या आरंभी त्यांनी स्वतःचे काम करतानाचे कपडे, बूट, साधने एकत्र जोडून, रंगाने माखून एक कृती केली. तिचे नाव त्यांनी ठेवले 'जसा मी काळा आहे तसे'. नंतर तीत बदल करून तिला 'रचलेले' असे कोरडे नाव दिले, मात्र जुने नाव कंसात ठेवले. टीकाकार यातून हवा तो अर्थ काढतात. मला त्या कंसात त्या दशकाचा सगळा पेच दिसतो. माणसाला स्वतःचे नाव सांगावयाचे आहे, पण ते नाव सांगताच पुढचे कोणी ऐकणार नाही हेही त्याला ठाऊक आहे.

त्यानंतरचा काळ मी थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याविषयी इतिहासानेच थोडे लिहिले आहे. १९७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या कला-संग्रहालयाच्या बाहेरील भिंतींवर त्यांनी प्रचंड कापडे टांगली. १९८२ मध्ये स्टुडिओ म्युझियमने त्यांचे प्रदर्शन केले. भुयारी रेल्वेच्या स्थानकांत त्यांची कामे लागली : १९८३ मध्ये बॉस्टनजवळच्या डेव्हिस स्थानकात, पुढे न्यूयॉर्कच्या जमैका सेंटर स्थानकात. सकाळी कामावर जाणारा माणूस तिकीट न काढता ती पाहतो, म्हणजे तिकीट गाडीचे काढतो, चित्राचे नव्हे. पण बाजाराने पाठ फिरविली. न्यूयॉर्कच्या मोठ्या दालनांशी त्यांचे टिकाऊ नाते नव्हते. ते वॉशिंग्टन सोडून गेले नाहीत. ओळखीच्या माणसांना स्वतःच चित्रे विकत त्यांनी वर्षे काढली. मोठे पूर्वालोकी प्रदर्शन झाले ते २००५ मध्ये, कॉर्करनमध्येच. तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. आणि ती कॉर्करनही २०१४ मध्ये बंद पडून तिचा संग्रह विभागला गेला.

मग एक गंमत झाली. रशीद जॉन्सन या तरुण काळ्या कलावंताने पुढाकार घेतला आणि २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या डेव्हिड कोर्डान्स्की गॅलरीत गिलियम यांची १९६३ ते १९६६ मधली चित्रे निवडून लावली. पन्नास वर्षांपूर्वीची चित्रे! त्यानंतर वर्तमानपत्रे लिहू लागली की गिलियम यांचा 'शोध' लागला. कोलंबसालाही असाच शोध लागला होता; तेथे आधीच माणसे राहत होती. २०१७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने काळ्या सत्तेच्या काळातील कलेचे मोठे प्रदर्शन भरविले, त्यात आकृती आणि अमूर्त शेजारी-शेजारी लागले. जो वाद १९७० मध्ये माणसांना एकमेकांपासून तोडत होता तो आता एका छताखाली दोन दालनांत नांदत होता. त्याच वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिकात मुख्य दालनाच्या प्रवेशाशीच गिलियम यांचे रंगीत कापड लोंबत होते, आणि अमेरिकेचे दालन मार्क ब्रॅडफोर्ड या काळ्या अमूर्त चित्रकाराकडे होते. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे युरोपातील त्यांचे पहिले एकल संग्रहालय-प्रदर्शन झाले. वय ८४. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिली हॉलिडे या गायिकेचे टोपणनाव धारण करणारे त्यांचे 'लेडी डे २' हे १९७१ चे चित्र लिलावात २१ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले.

या किमतीने हुरळून जावे असे मला वाटत नाही. लिलावातील पैसा जुन्या चित्राच्या त्या वेळच्या मालकाला मिळतो, ज्याने ते रंगविले त्याला नाही. आणि बाजार जेव्हा काळ्या अमूर्त चित्रकारांकडे वळला, तेव्हा गोऱ्या चित्रकारांची त्याच काळातील चित्रे खरेदीदारांच्या हाताबाहेर गेली होती, हेही एक कारण होते. पण रशीद जॉन्सन यांची गोष्ट वेगळी आहे. १९७१ मध्ये व्हिटनीकडे जे मागितले होते ते हेच होते : निवडणारा हात आमचा असू द्या. ती मागणी एका संग्रहालयाने धुडकावली, तरी पुढच्या पिढीतल्या एका कलावंताने ती आपल्या परीने पुरी केली. आपल्याकडे दलित चित्रकारांची प्रदर्शने अधूनमधून होतात. बहुधा १४ एप्रिलच्या आसपास, बहुधा सभागृहाच्या व्हरांड्यात. त्यांत बाबासाहेबांची, बुद्धाची, चवदार तळ्याची चित्रे असतात, आणि ती असावीतच. पण त्याच व्हरांड्यात एखादी मुलगी नुसता निळा रंग घेऊन आली तर संयोजक तिला कोणता खिळा देतील, हे मला पाहावयाचे आहे.

२५ मे २०२२ रोजी वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयात गिलियम यांचे 'पूर्ण वर्तुळ' हे प्रदर्शन उघडले. वयाच्या ८७ व्या वर्षी केलेली गोल चित्रे त्यात होती. ज्या शहरात ते ६० वर्षे राहिले त्याच शहरातील हे प्रदर्शन. ते चालू असतानाच, २५ जून रोजी, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्या गोल चित्रांसोबत १९७७ चे एक जुने, काळ्या रंगाने दाट भरलेले मोठे चित्रही लावले होते. त्याचे नाव 'रेल'. प्रदर्शन ठरल्याप्रमाणे सप्टेंबरपर्यंत चालू राहिले.